पटावरची उसनी मुले

इचुपाता, २ मार्च २००३

आदरणीय गुरुजी,

एकोणतीस वर्षांपूर्वी आपण ज्या शाळेच्या भिंती स्वतःच्या हातांनी रचल्यात, तिच्याच उंबरठ्यावर बसून हे पत्र लिहीत आहे. प्रशिक्षण विद्यालयात आपण आम्हाला इचुपाताविषयी इतके सांगितले होते, की नेमणुकीच्या यादीत ते नाव दिसताच मी दुसऱ्या गावाचा विचारच केला नाही. मैत्रिणी म्हणाल्या, "नेमेसिया, वेड लागलंय तुला. तिथे झाडसुद्धा राहायला तयार नाही!" झाड खरोखरच नाही. पण आपण बसवलेला निळा दरवाजा आहे, आणि घंटेऐवजी टांगलेली ट्रकच्या चाकाची ती लोखंडी तबकडीही आहे. ती वाजवली की दरीपलीकडच्या चिम्पा वस्तीतली कुत्री भुंकतात.

बाकी स्थिती मात्र चांगली नाही. छताच्या गवताला दोन भगदाडे पडली आहेत. पुस्तके आली ती स्पॅनिशमधली, आणि मुलांना केचुआखेरीज दुसरी भाषा येत नाही. पहिल्याच पानावर आगगाडीचे चित्र आहे. एका मुलीने विचारले, "बाई, ही घरं एकामागून एक कुठे निघालीयेत?" पाच इयत्ता, एक खोली, एक फळा आणि मी.

पटावर पंधरा नावे आहेत. आधीच्या मास्तरांनी जाताना सांगितल्याप्रमाणे ती मी जुन्या पटावरून उतरवून घेतली. वर्गात येतात ती मात्र नऊच. उरलेल्या सहांविषयी विचारले, की गावप्रमुख इलारियोकाका हसून म्हणतात, "येतील, येतील. कधी ना कधी येतीलच."

खरी चिंता याच सहांची आहे. ऑगस्टमध्ये तालुक्याहून पाहणी पथक येणार आहे. पंधराहून कमी मुले दिसली, तर शिक्षकाचे पद काढून घेऊन शाळा बंद करणार आहेत. गेल्या वर्षी सात कुटुंबे शहरात निघून गेली. शाळा गेली तर उरलेलेही जातील, आणि जे जाणार नाहीत त्यांची मुले लामांमागे हिंडतील.

मी काय करावे?

आपली विद्यार्थिनी,
नेमेसिया कोल्के


सुक्रे, ३० मार्च २००३

प्रिय नेमेसिया,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र तीनदा वाचले आणि प्रत्येक वेळी बूट चढवून निघावेसे वाटले. या वयात ते शक्य नाही, म्हणून लेखणीच पाठवतो.

प्रथम वर्गाविषयी. एका खोलीत पाच इयत्ता असणे हे संकट मानू नकोस, ते एक साधन आहे. मुलांचे तीन गट कर. एक गट तुझ्याशी बोलेल, दुसरा लिहील, तिसरा हातांनी काहीतरी घडवील, आणि वीस मिनिटांनी कामे बदलतील. मोठ्याने धाकट्याला शिकवावे, कारण शिकवणारा तोच धडा दुसऱ्यांदा शिकतो आणि दुसऱ्यांदा शिकलेलेच टिकते. मुलांना केचुआत मोजू दे, केचुआत भांडू दे. स्पॅनिश पाहुण्यासारखी यावी, जमीनदारासारखी नव्हे. आगगाडीचे पान गाळू नकोस. रिकाम्या आगपेट्या दोऱ्याने जोड आणि पहिली ओढून दाखव. बाकीच्या मागून का येतात, ते मुलेच तुला समजावून सांगतील.

आता ऑगस्टविषयी. यावर तोडगा आहे, आणि तो तिथल्याच मातीतला आहे. तुझी आजी आय्नीने शेती करत असे, हे तूच मला सांगितले होतेस. आज तू माझ्या शेतावर राबलीस, तर उद्या मी तुझ्या शेतावर राबायचे. दिवसाला दिवस, हाताला हात. १९७४ साली शाळा मंजूर होण्यासाठी वीस मुले लागत होती आणि इचुपातात होती चौदा. मी डोक्याला हात लावून बसलो असता इलारियोचे वडील म्हणाले, "गुरुजी, बैल उसना मिळतो, नांगर उसना मिळतो, मग पोरं का नाही मिळणार?" चिम्पाने एका दिवसासाठी सहा मुले दिली आणि आमच्या सहा पुरुषांनी त्यांचे बटाटे काढून दिले.

तो दिवस मी विसरू शकत नाही. अधिकाऱ्याने विचारले, "अकरा लामांचे पाय किती?" माझी चौदा मुले बोटे मोजत राहिली. उसन्या मुलांतली आठ वर्षांची एक मुलगी ताडकन म्हणाली, "चव्वेचाळीस. पण एखादी लंगडी असली तर?" अधिकारी पोट धरून हसला आणि म्हणाला, "या एका मुलीसाठीसुद्धा शाळा द्यायला हवी." शाळा मिळाली.

तेव्हा नदी उतरली की चिम्पाला जा. कोकाची पाने आणि पाव ने. गेल्यागेल्या मागू नकोस. आधी बसावे, पाने द्यावीत, दहिवराने पिकाचे काय केले ते विचारावे.

तुझा,
फुल्हेन्सियो आरान्सिबिया


इचुपाता, १८ मे २००३

आदरणीय गुरुजी,

आगपेट्यांची गाडी फारच गाजली. आता प्रत्येक मुलाला इंजिन व्हायचे आहे.

गेल्या शनिवारी चिम्पाला गेले. इथून हाक मारली तर तिथे ऐकू जाते, पण दरी उतरून पुन्हा चढायला अडीच तास लागले. वस्तीच्या प्रमुख एक बाई आहेत. मी पाने काढण्याआधीच त्या म्हणाल्या, "इचुपाताहून आलीस? म्हणजे काहीतरी मागायलाच आली असशील. बस. आधी खा, मग माग."

उकडलेला चुन्यो, तो थंडीत गोठवून सुकवलेला बटाटा, खाऊन मी आपण सांगितल्याप्रमाणे दहिवराविषयी विचारले, आणि मग विषय काढला.  त्या बाई हसत सुटल्या.

"पुन्हा पोरं? अगं, बैल संपले की हे लोक पोरं मागतात. पोरं संपली की काय मागतील, आमचे म्हातारे?"

"म्हणजे ती जुनी गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे?"

"ठाऊक काय विचारतेस! चव्वेचाळीस म्हणणारी मीच की ती."

गुरुजी, ती मुलगी भेटली! तिचे नाव बासिलिया चोके, वय सदतीस. आयुष्यात ती तेवढा एकच दिवस शाळेत गेली. सहीच्या जागी अंगठा लावते. तिची मुलगी लेओकादिया नऊ वर्षांची आहे. आम्ही बोलत होतो तेवढ्या वेळात तिने माझ्या अंगरख्याची बटणे मोजली आणि एक तुटल्याचे मला सांगितले.

चिम्पात अशी तेवीस मुले आहेत. डिसेंबर ते एप्रिल नदी कोणालाच ओलांडू देत नाही, आणि एरवी एवढ्या लहान मुलांना पाच तासांची ये-जा झेपत नाही. म्हणून या लोकांनी स्वतःच्या शाळेसाठी चारदा अर्ज केला. बासिलियाताई म्हणाल्या, "चारदा गेलो. चारदा तोच साहेब, तीच खुर्ची. म्हणतो, तुमची पोरं शाळेत जातातच की! कुठे जातात रे बाबा? मेंढरं शिकवतात होय त्यांना?"

ऑगस्टमध्ये सहा मुले द्यायला त्या तयार आहेत. अट एकच: या वेळचा अर्ज मी लिहावा आणि मी स्वतः नेऊन द्यावा. आळशी कारकून फाईल न उघडताच उत्तर देत असावा. जूनमध्ये तालुक्याला जाते. आपल्याला आनंद होईल असे वाटते.

आपली,
नेमेसिया


सुक्रे, ८ जून २००३

प्रिय नेमेसिया,

बासिलिया खुशाल आहे हे वाचून बरे वाटले.

अर्जाची घाई करू नये, असे माझे मत आहे. एका वेळी एकच गाठ सोडवावी. आधी ऑगस्ट पार पडू दे. कार्यालयातले जुने कागद उकरून कोणाचे भले झाल्याचे मी पाहिलेले नाही.

इकडे थंडी वाढली आहे. डोळ्यांचा त्रास होतो, म्हणून इथेच थांबतो.

फुल्हेन्सियो


इचुपाता, २९ जून २००३

आदरणीय गुरुजी,

आपले पत्र पोचले तेव्हा मी तालुक्याहून परत आले होते.

कारकून आळशी नाही. त्याने अर्ज नीट वाचला, कपाटातून यादी काढली आणि शांतपणे माझ्यापुढे ठेवली. "बाई, चिम्पाची सहा मुलं दर वर्षी इचुपाताच्या पटावर असतात. याचा अर्थ वाट आहे आणि मुलं ये-जा करतात. मग त्या वस्तीला दुसरी शाळा कशी द्यायची? आणि यंदाच्या यादीवर सही तुमचीच आहे ना?"

माझीच होती. जी सहा नावे मी आल्याआल्या उतरवून घेतली, ती मुले चिम्पाची आहेत. तिसरे नाव लेओकादियाचे आहे; चिम्पात ते ऐकूनही माझ्या लक्षात आले नव्हते.

परत येऊन शाळेतली जुनी पेटी उघडली. एकोणतीस पट निघाले. पहिले पाच आपल्या अक्षरात आहेत. उजवीकडे झुकलेले तेच सुरेख अक्षर, ज्यात आपण माझ्या वहीवर 'उत्तम' लिहीत असा. बासिलिया चोके, ४ फेब्रुवारी, हजर. ५ फेब्रुवारी, हजर. गुरुजी, फेब्रुवारीत या नदीतून लामासुद्धा पार होत नाही. पाच वर्षे ती एकदाही आजारी पडलेली नाही. अखेरीस शेरा आहे: 'हुशार. पुढील शिक्षणास योग्य.' तिच्यानंतर तिचा भाऊ, मग इतरांची मुले. आपल्यानंतरच्या प्रत्येक मास्तराने आधीच्या पटावरून नावे उतरवली, आणि शेवटी मीही.

चारदा त्या लोकांना परत पाठवले, ते या पटांनी.

आपण सांगत असा, की शंका आली तर फळ्यावर दोन्ही बाजू लिहाव्यात. मी लिहिल्या. नावे ठेवली तर चिम्पाला शाळा कधीच मिळणार नाही. नावे खोडली तर ही शाळा बंद होईल. एका बाजूला तेवीस आहेत, दुसऱ्या बाजूला नऊ. पण ती नऊही मुलेच आहेत, आणि रोज सकाळी माझ्याआधी येऊन दारात बसतात. हे गणिताने सुटत नाही.

नेमेसिया


सुक्रे, १० ऑगस्ट २००३

प्रिय नेमेसिया,

चार आठवडे मी उत्तर लिहीत होतो आणि फाडत होतो. आता जे घडले ते क्रमाने सांगतो. मला दुसरी रीत येत नाही.

पहिल्या वर्षी एकच दिवस ठरला होता. मंजुरीच्या कागदावर वीस नावे गेली. पुढच्याच महिन्यात पट तपासायला मागवला. त्यात चौदाच नावे दिसली असती, तर शाळा गेली असती. मी सहा नावे लिहिली. पहिल्यांदा खोटे 'हजर' लिहिताना माझा हात थांबला. दुसऱ्या दिवशी कमी थांबला. महिन्याभरात थांबेनासा झाला. मी स्वतःला सांगत राहिलो, की या नावांनी कोणाचे काही जात नाही. चिम्पाने पहिला अर्ज केला, तेव्हा मला कळले. मी तेव्हाच बोलायला हवे होते. मी बदली मागून घेतली.

आय्नीचा नियम मी तुम्हा सर्वांना वर्गात इतक्या वेळा समजावून दिला, पण त्यातले मुख्य कलम गाळून. जे घेतले, तेच परत करायचे असते. आम्ही मुले घेतली आणि बटाटे परत केले.

सोबत माझ्या सहीचे निवेदन आहे. तू पुढे काय करावेस, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. त्या निळ्या दरवाज्याला कुलूप लागले तर मला दुखेल. पण ते दुखणे तुझ्या फळ्यावर कुठल्याही बाजूला लिहू नकोस.

एकच विचारतो. बासिलियाला त्या दिवसाचे आणखी काही आठवते का?

फुल्हेन्सियो


इचुपाता, १४ सप्टेंबर २००३

आदरणीय गुरुजी,

२७ ऑगस्टला पथक आले. मी नऊ मुले उभी केली आणि नऊच म्हणाले. आपले निवेदन व चिम्पाचा अर्ज त्यांच्या हाती दिला. नोव्हेंबरअखेर ही शाळा बंद होईल. पद चिम्पाला जाईल, आणि त्या पदाबरोबर मीही.

रात्री सभा झाली. इलारियोकाका उठले. "बाई, तू आमची की त्यांची? एक दिवस खोटं बोलली असतीस तर तुझी जीभ झडली असती?"

"काका, तो एक दिवस नव्हता."

"आमच्या बापानं या भिंतींची माती तुडवलीय!"

 दोन कुटुंबांनी सामान बांधले आहे. नऊची सात मुले झाली आहेत. आता सकाळी दारात बसणारी मुले माझ्याकडे पाहत नाहीत. त्यांना घरी काय सांगितले असेल, ते समजते.

नंतर मी पहिले पाच पट घेऊन चिम्पाला गेले. बासिलियाताईला तिचे नाव दाखवले. तिने त्यावरून बोट फिरवले.

"ही मी?"

"हो."

"किती दिवस शाळेत होते मी?"

मी मोजून ठेवले होते. "नऊशे नव्वद."

ती मोठ्याने हसली. शेजारच्या बायकांना हाका मारल्या, "ऐका गं, मी शिकलेली आहे! नऊशे नव्वद दिवस!" त्याही हसल्या. मग एकाएकी ती थांबली आणि मला म्हणाली, "मग बाई, मला वाचता का येत नाही?"

गुरुजी, हे मी आपल्याला कळवू नये असे एकदा वाटले होते.

आपण विचारले होते म्हणून मीही तिला विचारले. आणखी एक गोष्ट तिला आठवते. त्या दिवशी निघताना ती दारातून मागे फिरली आणि आपली नदी खाली जाते ती पुढे कुठे जाते, असे तिने आपल्याला विचारले. ती म्हणाली, "गुरुजी म्हणाले, उद्या सांगतो. मी सकाळी इकडच्या कड्यावर येऊन उभी राहिले. तिकडे घंटा वाजली. आईनं मेंढरांकडे पाठवलं."

नेमेसिया


सुक्रे, ५ ऑक्टोबर २००३

श्रीमती बासिलिया चोके यांस,

नेमेसियाने हे पत्र तुम्हाला केचुआत वाचून दाखवावे, आणि लेओकादियाने शेजारी बसावे. अक्षर मोठे झाले आहे; माझ्या डोळ्यांना आता लहान दिसत नाही.

'उद्या सांगतो' असे म्हणताना, उद्या तुम्ही येणार नाही हे मला ठाऊक होते. पटावरच्या सर्व खोट्या नोंदींच्या आधीची ती पहिली खोटी नोंद. तिची क्षमा मागण्याइतका मोठा शब्द मला सापडत नाही, म्हणून प्रश्नाचे उत्तर देतो.

तुमच्या दरीतले पाणी प्रथम चायान्ता नदीला मिळते. तिथवर ते धावते, कारण उतार तीव्र आहे. पाणी नेहमी खालची वाट शोधते, त्याला दुसरे काही येत नाही. मग ते रिओ ग्रान्देत शिरते आणि डोंगर संपतात. जन्मभर उड्या मारणारी नदी तिथे पहिल्यांदा चालू लागते. तुमच्या डोंगरांची माती तिच्यात असते, म्हणून ती तांबूस दिसते. सपाटीवर ती मोठे वळण घेऊन उत्तरेला जाते आणि मामोरे नदीत मिसळते. तिथली माणसे बर्फ पाहत नाहीत, पण जे पाणी पितात त्यात तुमच्या कड्यावरचे वितळलेले दहिवर असते. पुढे मादेइरा. ती दुसऱ्या देशात जाते आणि अ‍ॅमेझॉनला मिळते. ती नदी इतकी रुंद आहे, की काही ठिकाणी मधोमध नाव थांबवली तर काठ दिसत नाही. आणि शेवटी समुद्र. आपल्या देशाला समुद्र नाही, बासिलियाबाई. पण तुमच्या ओढ्याला आहे.

किती दिवस लागतात, ते मला नक्की ठाऊक नाही. 'ठाऊक नाही' असे म्हणायला मी फार उशिरा शिकलो.

तुमचा एका दिवसाचा शिक्षक,
फुल्हेन्सियो आरान्सिबिया


चिम्पा, २२ फेब्रुवारी २००४

आदरणीय गुरुजी,

शाळा सुरू होऊन तीन आठवडे झाले. कोंबड्यांच्या जुन्या खोपटात भरते. छत लोकांनी दोन दिवसांत घातले. तेवीसच्या तेवीस मुले येतात, आणि शेवटच्या बाकावर बासिलियाताई. मुले तिला हसतात. ती म्हणते, "हसा. माझे नऊशे नव्वद दिवस तुमच्याहून जास्त आहेत."

आपले पत्र तिने चारदा वाचून घेतले.  चौथ्या वेळी म्हणाली, "सांग त्यांना, लंगड्या लामाचं उत्तर अजून बाकी आहे." नंतर ते पत्र तिने शालीत गुंडाळून ठेवले.

इचुपातात चार मुले उरली आहेत. मी त्यांची नावे इथल्या पटावर घेतली आहेत. डिसेंबरपासून नदी दुथडी भरून वाहते आहे. बासिलियाताईने इलारियोकाकांना या काठावरून ओरडून सांगितले, "पुढच्या वर्षी पाऊस लागायच्या आधी चौघांना इकडे पाठवा! दोन माझ्या घरी, दोन शेजारी. पाच महिने उसनी द्या!"  मग काकांचा आवाज आला, "विचार करतो." पण चारपैकी दोघांचे वडील बिऱ्हाड हलवण्याच्या गोष्टी करतात, असे ऐकते.

आपली लोखंडी तबकडी मी पाऊस लागण्यापूर्वी इकडे आणली. ती वाजली, की ती चार मुले पलीकडच्या कड्यावर येऊन उभी राहतात. सकाळी वारा पडलेला असतो, आवाज नीट पोचतो. पहिल्या दिवशी मी हजेरी घेत होते. तेवीस नावे संपली आणि पुढची चार मी सवयीने मोठ्याने वाचली. दरीच्या त्या बाजूने एकेक आवाज आला, "हजर, बाई!" चारही आले.

मी लेखणी धरून थांबले. बासिलियाताई शेवटच्या बाकावरून उठून माझ्यामागे उभी राहिली. तिला अजून पाचच अक्षरे येतात, तरी ती पटाकडे पाहत होती.

"खरं लिही, बाई," ती म्हणाली.

गुरुजी, मी चारही नावांपुढे लिहिले: गैरहजर. कारण, नदी.

आपली,
नेमेसिया